स्तुती करणाऱ्याचे नावही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जत्रांचे दिवस जवळ आले की आमच्या माशेल परिसरात नाटकांची आणि मैफलींची आमंत्रणे फिरू लागतात. पूर्वी ती मराठीत छापलेली हस्तपत्रके असत. आता व्हॉट्सॲपवर रंगीत आमंत्रण येते आणि पुष्कळदा ते इंग्रजीत असते. बेंगळुरूला, दुबईला गेलेल्या मुलांनाही ते पाठवायचे असते. या इंग्रजी आमंत्रणांत एक विशेषण अलीकडे फार दिसू लागले आहे. ते म्हणजे ‘अक्लेम्ड’ (acclaimed). अक्लेम्ड गायिका, अक्लेम्ड तबलावादक, अक्लेम्ड दिग्दर्शक. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. आता संध्याकाळी वाचनालयात अकरावी-बारावीची काही मुले येतात, त्यांचे इंग्रजी पाहते. या विशेषणाबद्दल आणि त्यावरून आपल्या वृत्तपत्राकडे जे मागावेसे वाटते त्याबद्दल हे पत्र आहे. थोडे लांबले आहे, पण जमल्यास पूर्ण छापावे.

आमच्याकडची बहुतेक मुले चौथीपर्यंत मराठीत किंवा कोकणीत शिकलेली असतात. पाचवीला एकदम इंग्रजी माध्यम समोर येते. तेव्हापासून शब्द झटपट उरकण्याची सवय लागते. नवा शब्द दिसला की माहीत असलेल्या एखाद्या शब्दाच्या खुंटीला तो टांगायचा आणि पुढे जायचे. अशाच एका आमंत्रणावर बोट ठेवून एका मुलीने मला विचारले, “टीचर, म्हळ्यार फेमसच न्हय?” बाकीच्यांनी वहीत ‘फेमस’ लिहूनही टाकले होते. मी म्हटले, थांबा, हा शब्द एवढ्यात सोडायचा नाही.

फेमस कोणीही असू शकतो. गावात भांडणासाठी ओळखला जाणारा माणूसही फेमस असतो. ज्याच्या खेळाला तिकीट मिळत नाही तो पॉप्युलर. मोठ्या पदावर, मोठ्या मानाने बसलेला तो एमिनंट. अक्लेम्ड म्हणायला मात्र कोणीतरी उघडपणे, चारचौघांत वाखाणलेले असावे लागते. मनातल्या मनात आवडून चालत नाही, आणि नुसते नाव सगळ्यांना ठाऊक असूनही भागत नाही. लॅटिनमधल्या ‘क्लामारे’ या क्रियापदापासून तो आला. क्लामारे म्हणजे मोठ्याने हाक देणे, ओरडणे. जमावाने एखाद्याच्या दिशेने आनंदाने पुकारा केला, तो त्या शब्दात अजून आहे. आपल्या संगीत नाटकाच्या प्रेक्षकाने पद रंगले की ‘वन्समोअर’ द्यायचा, हे मी मुलांना सांगितले तेव्हा त्यांना शब्दकोश पाहावा लागला नाही.

गोव्यात तर याच मुळाचा एक शब्द आमच्या आजोबांच्या पिढीला पोर्तुगीजमधून माहीत होता. 1640 मध्ये पोर्तुगाल स्पेनच्या राजवटीतून मोकळा झाला आणि चौथा जुआंव राजा झाला. त्याने 1646 मध्ये आपला मुकुट निष्कलंक गर्भसंभवाच्या सायबिणीला, म्हणजे येशूची आई मारिया हिला, वाहिला. आपल्या पणजीच्या चर्चचे 8 डिसेंबरचे फेस्त याच सायबिणीचे. त्यानंतर पोर्तुगालच्या कोणत्याही राजाने डोक्यावर मुकुट घातला नाही. नव्या राजाचा राज्याभिषेक होत नसे, सर्वांसमक्ष त्याच्या नावाचा जयघोष होई आणि तो राजा ठरे. त्या समारंभाला ‘आक्लामासांव’ म्हणत. इंग्रजीत ‘अक्लमेशन’ आहे तो हाच शब्द. 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अँतोनियु गुतेरिश यांची सरचिटणीस म्हणून नेमणूक केली ती मतदान न घेता, अक्लमेशनने. स्पेलिंगमध्ये मुले इथे हमखास चुकतात. ‘अक्लेम’मध्ये ए नंतर आय आहे, ‘अक्लमेशन’मध्ये तो आय गळतो. प्रोक्लेम-प्रोक्लमेशन, एक्स्क्लेम-एक्स्क्लमेशन ही भावंडे एकत्र लिहून दिली की पुन्हा चूक होत नाही.

वापराच्या आणखी दोन-तीन गोष्टी वर्गात सांगते, त्या आपल्या पुरवणीतल्या इंग्रजीच्या सदरालाही उपयोगी पडतील. ‘व्हेरी अक्लेम्ड’ असे सहसा कोणी लिहीत नाही. हायली, वाइडली किंवा क्रिटिकली अक्लेम्ड म्हणतात. क्रिटिकली म्हणजे समीक्षकांनी नावाजलेला, मग थिएटर रिकामे का असेना. 2004 पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात भरते आहे आणि तिच्या पुस्तिकांत सिनेमांच्या माहितीत ‘क्रिटिकली अक्लेम्ड’ ठायी ठायी येते. आमच्या मुलांनी हा शब्द बहुधा तिथेच पहिल्यांदा वाचलेला असतो. नाम म्हणून ‘अक्लेम’ वापरायचा तर त्याचे अनेकवचन होत नाही. आणि ‘सेल्फ-अक्लेम्ड’ हा निबंधात वारंवार येणारा जोडशब्द मी खोडते. मुलांना म्हणायचे असते ‘सेल्फ-प्रोक्लेम्ड’, म्हणजे स्वतःच स्वतःला घोषित केलेला. अक्लेम स्वतःचा स्वतःला देता येत नाही, तो दुसऱ्याकडूनच यावा लागतो. या शब्दामागे ‘बाय’ किंवा ‘फॉर’ लावून पाहा, असे मी मुलांना सांगते. कोणी वाखाणले? कशासाठी वाखाणले? या दोन जागा भरता आल्या तर शब्द ठेवा. नाही भरता आल्या तर काढा आणि त्या माणसाने काय केले ते साध्या शब्दांत लिहा.

उदाहरणासाठी आम्हाला लांब जावे लागत नाही. गायिका केसरबाई केरकर आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या, जन्म 1892 चा. लहानपणी कोल्हापुरात काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या, पुढे भास्करबुवा बखले, रामकृष्णबुवा वझे, आणि मग 1921 पासून अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षांची तालीम. आता जागा भरा. ‘सूरश्री’ ही पदवी त्यांना 1948 मध्ये कलकत्त्याच्या संगीतप्रेमींच्या एका समितीने दिली. 1953 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, 1969 मध्ये पद्मभूषण. रवींद्रनाथ टागोरांना त्यांचे गाणे फार आवडे. आणि 1977 मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीचा आवाज म्हणून जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी गेली तीत केसरबाईंची भैरवी आहे. ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटांची. ती सुचवली रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकांनी. भारतीय शास्त्रीय संगीताच्या उपलब्ध ध्वनिमुद्रणांत याहून चांगले नाही, असे त्यांचे मत होते. दोन्ही याने त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुटली आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

हे मी वर्गात सांगितले तेव्हा केरीहून येणारा एक मुलगा ताठ बसला. त्याच्या गावच्या बाईंसाठी ‘अक्लेम्ड’ हा शब्द वापरताना त्याच्याकडे माणसांची नावे होती, सालही होते. त्याने इंग्रजीत लिहिलेले वाक्य मला अजून पाठ आहे, पण इथे ते मराठीत सांगते: केरीच्या केसरबाईंना कलकत्त्याने सूरश्री म्हटले, कारण त्यांचा स्वर. व्याकरण थोडे सुधारावे लागले, पण वाक्यात सगळे होते.

कुर्डीच्या गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचेही तसेच. 1904 चा जन्म, 1968 मध्ये संगीत नाटक अकादमी, 1974 मध्ये पद्मभूषण, आणि मुलगी किशोरी आमोणकर. त्यांचे कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. मे महिन्यात पाणी उतरले की सोमेश्वराचे देऊळ आणि घरांचे चौथरे वर येतात, आणि तिथून उठून गेलेली माणसे उत्सवासाठी परत जमतात. गाव बुडाले तरी मोगूबाईंची कीर्ती राहिली. ती कशावर राहिली? ध्वनिमुद्रिका आहेत, शिष्यपरंपरा आहे. आणि ज्यांनी त्यांना प्रत्यक्ष ऐकले त्यांनी लिहून ठेवले. कुठल्या मैफलीत कोणता राग कसा मांडला, लयीशी कशा खेळल्या, हे त्या काळच्या जाणकारांनी कागदावर उतरवले म्हणून आज माझ्यासारखीला ते ठाऊक आहे.

आता मूळ मुद्द्यावर येते.

आमच्याच वाड्यावरची एक मुलगी नाट्यगीते गाते. आमच्या देवकीकृष्णाच्या मालिनी पौर्णिमेच्या जत्रेतल्या नाटकात, शेजारच्या गावांच्या उत्सवी नाटकांत तिला आता बोलावतात. गळा तयार आहे, शिवाय गद्यही नीट बोलते, जे गाणाऱ्या नटीला सहसा साधत नाही. गेल्या वर्षी तिने तरुण कलाकारांसाठी असलेल्या एका शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला घेतला. अर्ज इंग्रजीत. आपली ओळख लिहा, सोबत वृत्तपत्रांतील कात्रणे जोडा. ती आणि तिची आई माझ्याकडे आल्या. आईने प्लास्टिकच्या फाइलमध्ये सगळी कात्रणे तारखेनुसार लावून आणली होती, प्रत्येकावर निळ्या शाईने साल लिहिलेले. आम्ही ती टेबलावर पसरली.

प्रत्येक कात्रण साधारण सारखेच होते. अमुक देवस्थानच्या उत्सवानिमित्त अमुक नाटकाचा प्रयोग झाला. उद्घाटन अमुक यांच्या हस्ते. प्रमुख पाहुणे अमुक. व्यासपीठावर अमुक, अमुक आणि अमुक. समई पेटवतानाचा फोटो. सूत्रसंचालन अमुक यांनी केले, आभार अमुक यांनी मानले. शेवटी ‘नाटकात पुढील कलाकारांनी भूमिका केल्या’ असे म्हणून नावांची रांग, आणि त्या रांगेत मुलीचे नाव. दोन ठिकाणी आडनाव चुकलेले. तिने पद कसे म्हटले, भूमिका कशी केली, प्रेक्षकांनी काय केले, याबद्दल त्या फाइलमध्ये एक ओळही नव्हती. त्या प्रयोगांपैकी एकाला मी स्वतः मांडवात होते. दुसऱ्या अंकातल्या पदाला तिने तान घेतली आणि मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी वन्समोअर दिला. ऑर्गनवाला हसून पुन्हा पट्टीवर आला आणि तिने तेच पद वेगळ्या अंगाने म्हटले. कात्रणात प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाला मात्र सात ओळी होत्या.

मुलगी म्हणाली, “टीचर, अक्लेम्ड सिंगर म्हणून लिहूया?” मी नको म्हटले. ती वाखाणली जात नाही म्हणून नव्हे. तिला मांडवभर माणसांनी वाखाणले होते, मी साक्षीदार होते. पण अर्ज वाचणाऱ्या परक्या माणसाला दाखवायला आमच्याकडे कोणाचेच शब्द नव्हते. आम्ही शेवटी नाटकांची नावे, पदे, गुरू, साले असे साधेपणाने लिहिले. शिष्यवृत्ती मिळाली नाही. ती न मिळण्याची कारणे पुष्कळ असतील, तुमची कात्रणे हे एकच कारण आहे असे मी म्हणत नाही. पण त्या दिवशी टेबलावर पसरलेली ती फाइल मला अस्वस्थ करून गेली.

संपादक महाराज, माझे म्हणणे एवढेच आहे. ‘ख्यातनाम’, ‘सुप्रसिद्ध’, ‘नामवंत’ हे मराठी शब्द आणि ‘अक्लेम्ड’ हा इंग्रजी शब्द आपण कार्यक्रमाआधी, आमंत्रणात, बातमीच्या पहिल्या ओळीत उधळतो. कार्यक्रमानंतर, जेव्हा खरोखर काही वाखाणण्यासारखे घडलेले असते, तेव्हा आपण गप्प बसतो. याचा क्रम बदला.

गोव्यात मराठी रंगभूमी जेवढी गावागावांत जिवंत आहे तेवढी फार थोड्या ठिकाणी असेल. प्रत्येक देवस्थानचा उत्सव, वाड्यावाड्याचे नाटक, कला अकादमीच्या नाट्यस्पर्धा, भजनी सप्ताह. मंगेशीत 1900 साली जन्मलेले दीनानाथ मंगेशकर अठराव्या वर्षाच्या आत-बाहेर असताना सहकाऱ्यांबरोबर बळवंत संगीत मंडळी काढतात, तो कलावंत याच मातीतला. तेव्हाच्या वृत्तपत्रांत आणि मासिकांत नाटकांची परीक्षणे येत, त्यांवर वाद होत, उलटसुलट पत्रे छापली जात. आज स्पर्धेचा निकाल छापून येतो: प्रथम, द्वितीय, तृतीय, उत्तेजनार्थ. वैयक्तिक बक्षिसांची यादी येते. त्या नटाला पहिले बक्षीस का मिळाले, त्याने त्या भूमिकेत असे काय केले, हे वाचायला मिळत नाही. परीक्षकांनी समारोपाला जे सांगितलेले असते तेही सभागृहाच्या बाहेर येत नाही.

कोणी म्हणेल, गाव लहान आहे, सगळे एकमेकांचे नातेवाईक, परीक्षण कोण लिहिणार आणि नावडते लिहिले तर उद्या तोंड कसे दाखवणार? ही अडचण खरी आहे. मी जन्म गावातच काढला, मला ती माहीत आहे. पण प्रत्येक गावात असा एखादा माणूस असतो की ज्याचे बोललेले लोक मनावर घेतात. आमच्याकडे एक निवृत्त पोस्टमास्तर होते. प्रयोग संपला की रंगपटात जायचे आणि प्रत्येक नटाला एकच गोष्ट सांगायचे, चांगली असो की कच्ची. कोणी रागावत नसे, कारण त्यांनी नाटक पहिल्या नांदीपासून बघितलेले असे. अशी माणसे अजून आहेत. त्यांना कोणी लिहा म्हणत नाही, एवढेच. आणि परीक्षणात उणीव दाखवली तर बिघडत नाही, उलट ज्या लेखात एक उणीव दाखवलेली असते त्यातल्या स्तुतीवर वाचणारा विश्वास ठेवतो. सरसकट ‘सर्वांनी उत्कृष्ट भूमिका केल्या’ या वाक्याने कोणाचेच भले होत नाही, चांगल्या नटाचे तर मुळीच नाही.

जागेचा प्रश्न येईल. उत्सवाच्या एका बातमीतून व्यासपीठावरच्या नावांच्या चार ओळी कमी केल्या तर एका कलाकाराबद्दल चार ओळी बसतात. चार ओळीही पुष्कळ झाल्या. ‘दुसऱ्या अंकातल्या पदाला प्रेक्षकांनी वन्समोअर दिला’ हे एक वाक्य त्या मुलीच्या फाइलमध्ये असते, खाली परीक्षण लिहिणाऱ्याचे नाव आणि वृत्तपत्राची तारीख असती, तर त्या अर्जात मी स्वतःच्या हाताने तो इंग्रजी शब्द लिहिला असता, ‘बाय’ आणि ‘फॉर’ दोन्ही जोडून.

आपले वार्ताहर एका संध्याकाळी तीन कार्यक्रम करतात, हे मला दिसते. ते उद्घाटन झाले की निघतात, त्यांना निघावेच लागते. नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते, त्यांनी तिथे बसावे अशी अपेक्षा करणे बरोबर नाही. म्हणून वाचकांकडूनच मागवावे असे सुचवते. उत्सवाच्या दिवसांत आठवड्यातून एकदा अर्धे पान द्यावे. अडीचशे शब्दांची मर्यादा ठेवावी. लिहिणाऱ्याचे नाव आणि गाव छापावे, निनावी काही घेऊ नये. लिहिणारा कलाकाराचा नातेवाईक असेल तर त्याने तसे कळवावे. नावे बरोबर छापावीत, ही मात्र हात जोडून विनंती.

आमच्या वाचनालयातल्या मुलांना मी हे काम आधीच दिले आहे. येत्या मालिनी पौर्णिमेच्या नाटकाला ती मांडवात वही घेऊन बसणार आहेत. अडीचशे शब्द मराठीत लिहायचे, मग तेच इंग्रजीत, आणि इंग्रजीत ‘अक्लेम्ड’ वापरायचा तर कोणी आणि कशासाठी हे त्याच वाक्यात आले पाहिजे. केरीचा तो मुलगा संगीताची बाजू बघणार आहे, त्याला तबल्यातले कळते. त्यातली बरी परीक्षणे मी जत्रेनंतरच्या सोमवारी आपल्या फोंड्याच्या कार्यालयात आणून देईन. छापण्याजोगी वाटली तर छापावीत. नाही वाटली तर कुठे कमी पडली ते समासात लिहून परत पाठवावीत, मुले पुन्हा लिहितील.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका
माशेल, फोंडा, गोवा